निंदकाचे घर शेजारीच हवे

२१ जानेवारी २०२१ ची रात्र. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीचा सामना. सॉल्ट लेक सिटीत यूटा जॅझने न्यू ऑर्लीन्स पेलिकन्सला १२९-११८ असं हरवलं होतं आणि त्यात जॅझच्या डोनोव्हन मिचेलचे ३६ गुण होते. सामना संपल्यावर मिचेल मुलाखतीसाठी कॅमेऱ्यासमोर आला. पलीकडे टीएनटी वाहिनीच्या स्टुडिओत एकेकाळचा दिग्गज खेळाडू आणि आताचा समालोचक शकील ओनील, म्हणजे सगळ्यांचा शॅक, बसला होता. तो म्हणाला की तू माझ्या आवडत्या खेळाडूंपैकी आहेस, पण पुढची पायरी चढायला जे लागतं ते तुझ्यात नाही, असं मी आज कार्यक्रमात बोललो. तुझ्या कानावर जावं म्हणून मुद्दाम बोललो. आता यावर तुझं काय म्हणणं?

मिचेल म्हणाला, "ठीक आहे."

शॅकने विचारलं, एवढंच? मिचेल म्हणाला, एवढंच. पहिल्या हंगामापासून मी हेच ऐकत आलोय, मी माझा खेळ सुधारत राहीन.

जेमतेम अर्ध्या मिनिटाचा हा प्रसंग, पण बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये त्यावरून उभे तट पडले. लेब्रॉन जेम्ससारख्या बड्या खेळाडूनेही त्यात तोंड घातलं आणि विधायक टीका वेगळी, आडून केलेला दुस्वास वेगळा, अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं. हा वाद काही तिथे संपला नाही. दर हंगामात खेळाडूचं नाव बदलतं आणि तोच वाद पुन्हा सुरू होतो. कुणीतरी विशीतला मुलगा झपाट्याने वर येत असतो, टीव्हीवर बसलेला जुना दिग्गज त्याची थट्टा करतो, आणि चाहते दोन बाजूंना उभे राहतात. एका बाजूचं म्हणणं, चार विजेतेपदं जिंकलेल्या माणसाने चार शब्द सुनावले तर बिघडलं काय, एवढंही सहन होत नसेल तर मोठा खेळाडू कसा होणार? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ही निव्वळ दादागिरी आहे, जुन्यांना नव्यांचं कौतुक बघवत नाही.

मला या दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. थट्टेला माझा विरोध नाही. शॅक ज्यात बसतो तो 'इनसाइड द एनबीए' हा सामन्यांवरच्या चर्चेचा कार्यक्रम इतकी वर्षं लोकांनी डोक्यावर घेतला तो तिथल्या थट्टामस्करीमुळेच. अर्नी जॉन्सन, केनी स्मिथ, चार्ल्स बार्कली आणि २०११ पासून शॅक, हे चौघं एकमेकांची जी फिरकी घेतात ती मीही पोट धरून हसत पाहिली आहे. बार्कलीच्या बोटात एकही विजेतेपदाची अंगठी नाही, यावरून शॅक त्याला किती वेळा टोचतो याला गणती नाही. बार्कलीही ऐकून घेत नाही, तिथल्या तिथे परतफेड करतो. हे छान चालतं, कारण दोघं एकाच टेबलाशी बसलेले आहेत, दोघांच्या हातात माइक आहे, आणि कार्यक्रम संपल्यावरही दोघांना एकमेकांचं तोंड पाहायचं आहे.

आपल्या भाषेला हा फरक चांगला ठाऊक आहे. थट्टा, मस्करी, चेष्टा, फिरकी हे शब्द एका बाजूला. टिंगल, टवाळी, कुचेष्टा, हेटाळणी हे दुसऱ्या बाजूला. पहिल्या रांगेतल्या शब्दांत दोघं असतात. दुसऱ्या रांगेत एक करणारा असतो, एक सोसणारा असतो आणि बाकीचे बघे असतात. वाक्य तेच असलं तरी ते कुठे उभं राहून म्हटलं यावर ते कुठल्या रांगेत जाईल हे ठरतं. म्हणून 'शॅक काय बोलला' यावर तासन्‌तास भांडण्यापेक्षा 'शॅक कुठे बसून बोलला' हे पाहिलं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण शॅकचं नाही, बार्कलीचं आहे.

१९८४ साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्स या संघाने बार्कलीला पाचव्या क्रमांकावर निवडलं तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि त्याचं वजन ३०० पौंडांच्या, म्हणजे १३६ किलोंच्या घरात होतं. ऑबर्न विद्यापीठात असतानाच त्याच्या अंगकाठीवरून त्याला नाना टोपणनावं पडली होती. फिलाडेल्फियात त्याला सुरुवातीला मनासारखी खेळायची वेळ मिळेना. संघात मोझेस मलोन होता. तोवर तीनदा साखळीतला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, आदल्याच वर्षी संघाला विजेतेपद मिळवून दिलेला. दोघं एकाच इमारतीत राहत. पुढची गोष्ट बार्कली स्वतः कितीतरी वेळा सांगतो. तो मोझेसकडे गेला आणि विचारलं, मला खेळायला का मिळत नाही? मोझेसने फार विचार न करता सांगितलं, तू जाडा आहेस आणि आळशी आहेस.

याहून बोचरं काय असू शकतं? शब्दांच्या हिशेबाने पाहिलं तर टीव्हीवरच्या कुठल्याही टोमण्यापेक्षा हे जहाल आहे. पण मोझेस तिथे थांबला नाही. त्याने विचारलं, दहा पौंड उतरवशील का? दहा उतरल्यावर आणखी दहा. सरावाच्या आधी आणि सरावानंतर तो बार्कलीला घेऊन घाम गाळत राहिला. असं करत करत वजन अडीचशे पौंडांवर आलं. पुढे १९८६-८७ च्या हंगामात हाच बार्कली रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेल्या फटक्यानंतर परत आलेला चेंडू पकडण्यात, साखळीत पहिला आला, सामन्यामागे १४.६. इतक्या बुटक्या खेळाडूने हा मान मिळवण्याचं दुसरं उदाहरण नाही. १९९३ मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. मोझेसला तो 'डॅड' म्हणायचा आणि २०१५ मध्ये मोझेस गेला तेव्हा आपण काय गमावलं हे त्याने मोकळेपणाने सांगितलं.

आता २०२१ मध्ये या. पेलिकन्सचा झायन विल्यमसन, २०१९ च्या निवडीत पहिला आलेला, पायाचं हाड मोडल्यामुळे २०२१-२२ चा अख्खा हंगाम बाहेर बसला होता. वजन वाढलं होतं. त्याच्यावर बोलताना बार्कली म्हणाला की झायन असा दिसत होता जणू मला आणि शॅकला मूल झालंय. स्टुडिओ हसला, चाहते हसले, ते वाक्य जगभर फिरलं.

झायन तेव्हा किती वर्षांचा होता? २१. ज्या वयात बार्कली मोझेसच्या दारात उभा होता, नेमका त्याच वयाचा. शरीरही तसंच अवजड, तसंच विलक्षण उडी मारणारं, आणि अडचणही तीच. त्या मुलाला नक्की काय होत असेल हे साऱ्या जगात कुणाला कळत असेल तर ते बार्कलीला. मोझेसने त्याला दहा-दहा पौंडांचा हिशेब घालून दिला होता. बार्कलीकडून झायनच्या वाट्याला आला एक विनोद.

मी बार्कलीला दुष्ट म्हणत नाही. तो दिलदार माणूस आहे असंच त्याला ओळखणारे सांगतात, आणि झायनचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत असणार याबद्दल मला शंका नाही. पण 'निंदकाचे घर असावे शेजारी' या म्हणीतला सगळा जीव 'शेजारी' या शब्दात आहे. मोझेस खरोखरच शेजारी होता. त्याच्या बोलण्याने बार्कली दुखावला असता, खचला असता, तर दुसऱ्या दिवशी सरावाला त्याचं उतरलेलं तोंड मोझेसलाच पाहावं लागलं असतं. बोललेल्या शब्दाचं काय होतं याची जबाबदारी त्याच्या अंगावर होती. स्टुडिओतून बोलणाऱ्याच्या अंगावर ती नसते. तो वाक्य टाकतो आणि जाहिरातींनंतर दुसऱ्या सामन्याकडे वळतो.

शॅकच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट नेहमी काढतात. त्याचे सावत्र वडील सैन्यात सार्जंट होते, अतिशय कडक, आणि त्यांच्या धाकामुळेच मी घडलो असं शॅक स्वतः सांगतो. बरोबर आहे. पण ते सार्जंट त्याच घरात राहत होते. रागावल्यानंतर त्याच मुलाबरोबर जेवायला बसत होते. धाकाची गोष्ट सांगताना हे सोबत असणं मात्र गाळून टाकलं जातं, आणि मग उरलेल्या नुसत्या धाकालाच घडवणं म्हटलं जातं.

इथे कुणी विचारेल, आणि विचारलंच पाहिजे, की मग खेळाडूच्या वजनावर बोलायचंच नाही का? जरूर बोलावं. झायनचं वजन ही त्याची खासगी बाब उरलेली नाही. २०२२ मध्ये पेलिकन्सने त्याच्याशी जो मोठा करार केला त्यात वजन आणि शरीरातल्या चरबीचं प्रमाण यांच्यावर मर्यादा घातल्याचं जाहीर झालं आहे. ज्याच्या पायांवर संघाने एवढी रक्कम लावली आहे त्याच्या पायांवर किती भार पडतो हा सार्वजनिक प्रश्न आहे. प्रश्न मांडणं वेगळं आणि त्या शरीराचा विनोद करणं वेगळं, एवढंच मी म्हणतो.

आणि हा फरक त्याच कार्यक्रमात, त्याच माणसांनी, दोन वर्षांनी दाखवून दिला. ७ डिसेंबर २०२३, लास वेगास. हंगामाच्या मधल्या स्पर्धेची उपांत्य फेरी. लॉस एंजेलिस लेकर्सने पेलिकन्सचा १३३-८९ असा धुव्वा उडवला, झायनचे गुण अवघे १३. त्या रात्री शॅक आणि बार्कलीने त्याला झोडपलं. पण कशावरून? तो जीव तोडून धावत नाही, दमसास कमी पडतो, त्याच्यासारख्या ताकदीच्या खेळाडूने सहज मिळवायला हव्यात अशा सोप्या बास्केट तो मिळवत नाही. हे मुद्दे खेळाचे होते. पुन्हा सामना लावून कुणालाही पडताळता येण्यासारखे. ती टीका कडक होती आणि माझ्या मते योग्यच होती. त्या हंगामात झायन ७० सामने खेळला, तोवरच्या त्याच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. एप्रिल २०२४ मध्ये लेकर्सविरुद्धच्याच, बाद फेरीत जागा मिळवण्यासाठीच्या सामन्यात त्याने ४० गुण केले आणि नेमक्या त्याच सामन्यात मांडीमागचा स्नायू दुखावून तो बाहेर गेला. बघणाऱ्याच्या पोटात तुटावं असा तो क्षण होता.

यावर थट्टेचे समर्थक लगेच म्हणतात, बघा, बोलल्याचा उपयोग झाला! मला हा निष्कर्ष पटत नाही. ४४ गुणांनी हरलेल्या खेळाडूला आरसा दाखवायला टीव्ही लागत नाही. त्याच्या मागे प्रशिक्षक होते, आहार आणि व्यायाम पाहणारी माणसं होती, संघातले सहकारी होते. कष्ट त्यांचे आणि झायनचे. आणि समजा टीव्हीवरच्या बोलण्याचा काही वाटा असलाच, तर तो डिसेंबर २०२३ च्या नेमक्या टीकेचा असेल. दोन वर्षांपूर्वीच्या 'मूल झालंय' या विनोदाने त्याचं किती वजन उतरलं?

थट्टेने होणारं खरं नुकसान 'मनाला लागतं' एवढ्यापुरतं नसतं. मनाला लागलेलं भरून येतं. भरून येत नाही ती प्रतिमा. हे मला जावेल मॅगीच्या उदाहरणावरून कळलं, आणि ते सांगताना मला वाईट वाटतं, कारण त्यात माझाही हात आहे.

शॅक कार्यक्रमात आला त्या सुमाराला 'शॅक्टिन अ फूल' हे सदर सुरू झालं. आठवड्यातल्या हास्यास्पद चुका काढून दाखवायच्या. मॅगी त्यातलं ठरलेलं गिऱ्हाईक. सात फूट उंचीचा, तेव्हा विशीतला खेळाडू. चेंडू आपल्याच संघाकडे असताना हा गडी बचावासाठी उलट्या दिशेने धावत सुटला, ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल देव जाणे. वर्षानुवर्षं मॅगी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच यायचं. त्याने अडवलेले फटके, त्याने पकडलेले रिबाउंड यांतलं मला एकही आठवत नव्हतं, कारण ते कुणी मला पुन्हा पुन्हा दाखवलं नव्हतं. माझ्यासारख्या प्रेक्षकाच्या मतावर कुणाचं पोट नसतं हे खरं. पण संघ निवडणारी माणसंही तोच टीव्ही पाहतात. २०१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला घेतलं ते हमी नसलेल्या करारावर. तिथे तो टिकला आणि २०१७, २०१८ अशी दोन विजेतेपदं जिंकला. २०२० मध्ये लेकर्सबरोबर तिसरं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचं सुवर्णपदक. त्याची आई पामेला १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला संघातून सुवर्णपदक जिंकलेली. आई आणि मुलगा दोघांकडे बास्केटबॉलचं ऑलिंपिक सुवर्ण. अशा खेळाडूला आपण विदूषक समजत होतो.

२०१७ च्या फेब्रुवारीत मॅगीचा बांध फुटला. त्याने शॅकला जाहीर उत्तर दिलं आणि प्रकरण हमरीतुमरीवर आलं. केव्हिन ड्युरांटने सहकाऱ्याची बाजू घेतली. शेवटी शॅकने माघार घेतली, आईने 'आता पुरे' असं सांगितल्यावर. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. सगळ्या क्रीडाविश्वात ज्याला कुणी गप्प करू शकत नव्हतं त्याला घरच्या माणसाने गप्प केलं. शॅकवर हक्काने रागवायला त्याची आई होती. मॅगीच्या वतीने एवढ्या हक्काने शॅकला थांबवणारं पाच-सहा वर्षं कुणीच नव्हतं.

'कोट्यवधी डॉलर घेतात ना, मग सहन करावं' हा युक्तिवाद मी फार काळ ऐकून घेत नाही. पैसे खेळायचे मिळतात. डेमार डरोझन आणि केव्हिन लव्ह या खेळाडूंनी २०१८ मध्ये आपल्या मानसिक त्रासाबद्दल उघडपणे बोलायचं धाडस केलं, त्यानंतर मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ उपलब्ध ठेवणं एनबीएने संघांना बंधनकारक केलं. एका हाताने तज्ज्ञ नेमायचे आणि दुसऱ्या हाताने तोच मुलगा हशासाठी वापरायचा, हे कसं काय जुळतं? प्रक्षेपणाचे हक्क २०२५-२६ पासून ११ वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरना विकले गेले आहेत. एवढी किंमत मोजणाऱ्यांना प्रेक्षक हवेत, आणि टोमण्याची चित्रफीत सामन्याच्या विश्लेषणापेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरते हे त्यांना कळतं. म्हणून समालोचकाने स्वतःहून आवर घालावा अशी अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं होईल. आवर घालायचा तर चाहत्यांनी. आपण जे पुढे पाठवतो तेच उद्या जास्त बनवलं जातं.

पुन्हा मिचेलकडे येतो. तो प्रसंग मला इतका का सलतो याचं कारण सांगायचं आहे. शॅकचा मुद्दा खोटा नव्हता. मिचेल मोठ्या सामन्यांमध्ये संघाला पार नेऊ शकेल का, हा प्रश्न तेव्हा खराच होता. त्या हंगामात जॅझने साखळीत सर्वाधिक ५२ सामने जिंकले आणि तरी दुसऱ्या फेरीत लॉस एंजेलिस क्लिपर्सकडून हरले. शॅकचे समर्थक आजही हे दाखवतात आणि मी ते नाकारत नाही.

पण प्रश्न विचारायचाच होता तर विचारण्यासारखा एक प्रश्न समोर पडलेला होता. आदल्या वर्षीच्या बाद फेरीत मिचेलने डेन्व्हर नगेट्सविरुद्ध एका सामन्यात ५७ आणि दुसऱ्या एका सामन्यात ५१ गुण केले होते. सातपैकी चार सामने जिंकायच्या त्या मालिकेत जॅझ ३-१ असे पुढे होते. तिथून ती मालिका निसटली. सातवा सामना ८०-७८ असा गेला; शेवटच्या क्षणी जॅझच्या माइक कॉन्लीने टाकलेला तीन गुणांचा फटका कड्यात शिरता शिरता बाहेर आला. मिचेल तिथेच जमिनीवर कोसळला, आणि त्या मालिकेत त्याच्याशी तोडीस तोड खेळलेला प्रतिस्पर्धी जमाल मरे येऊन त्याला बिलगला.

शॅकने स्वतः चार विजेतेपदं जिंकली, तशाच कितीतरी मालिका गमावल्याही. तो म्हणू शकला असता, डोनोव्हन, ३-१ वरून ती मालिका हातची गेली, ती अजून सलत असेल. त्यानंतर तू त्यावर काय काम केलंस, आज ते कुठे दिसलं? प्रश्न बोचला असताच. पण मग मिचेल कदाचित 'ठीक आहे' म्हणून थांबला नसता. त्याने एखादी चाल सांगितली असती, बचाव वाचण्याबद्दल बोलला असता, कदाचित त्या सातव्या सामन्याबद्दलही. आणि शॅकने म्हटलं असतं, मलाही असंच झालं होतं, मी काय केलं सांगू?